पडद्यावरची घागरवाली

पडद्यावरच्या बाईच्या डोक्यावर घागर होती आणि मला तिला चालवायचं होतं. एवढंच काम. उजव्या बाणाचं बटण दाबलं की तिनं चालायचं, वरच्या बाणाला खड्ड्यावरून उडी मारायची, आणि पाणी न सांडता घर गाठायचं. शहराच्या छावणी भागातल्या एका शाळेनं मुलांसाठी हा खेळ मागवला होता. त्या वर्षी नळाला दर चौथ्या दिवशी पाणी यायचं. आमच्या जालना रोडवरच्या ऑफिसच्या खिडकीतून मात्र रोज एक नवी इमारत वर चढताना दिसायची, आणि तिच्यावर मारायला पाण्याचे टँकर उभे असायचे.

माझी बाई काही धड चालत नव्हती. बटण दाबून धरलं की एक पाऊल टाकायची आणि थांबायची, घरी काही विसरल्यासारखी. मग एकदम मागे कुत्रं लागल्यासारखी पळत सुटायची. बोट उचललं तरी आणखी चार पावलं जाऊन खड्ड्यात. मधे उडी मारायला लावली तर खाली उतरून तिथंच उभी, उजवं बटण माझ्या बोटाखाली असूनसुद्धा.

"पद्माकाकू, हिला उचक्या लागल्यात," शेजारच्या टेबलावरची मनस्विनी म्हणाली. "पाणी पाजा तिला."

"डोक्यावरच आहे की."

"काय?"

माझं बोलणं पहिल्या वेळी कुणाला ऐकू जात नाही. मी पुन्हा सांगितलं, पण तोवर विनोदाची वेळ गेली होती.

विश्वजित सर मागे येऊन उभे राहिले. कंपनी त्यांची. "ताई, पुढच्या शनिवारी शाळेत दाखवायचंय. त्यांच्या संगणकांवर नीट चालली तर तुम्ही कायमच्या आमच्या. नाही तर..." पुढचं ते बोलले नाहीत. माणूस सभ्य आहे.

माझी तीन महिन्यांची मुदत त्याच शनिवारी संपत होती. दोन मुली वाढवण्यात अकरा वर्षं गेली आणि त्यानंतर हे टेबल मिळालं होतं. त्याच्या खणात मी दत्ताची छोटी तसबीर ठेवली होती. ती पर्समध्ये घालून परत घरी न्यायची, हा विचारच सहन होत नव्हता.

यंत्राला नेमकं काय कळतंय ते मी पडद्यावर लिहून घेतलं. बोट एकदाच ठेवलं, तर खाली रांग लागली: दाबलं, दाबलं, दाबलं, दाबलं. मी बोटाकडे बघितलं. ते हललंसुद्धा नव्हतं. मी रोज पहाटे एक माळ जपते. एका मण्याला एक नाम. मणी चिमटीत कितीही वेळ धरला तरी नाम एकच. त्याच हिशेबानं मी एका दाबण्याला एक पाऊल लिहिलं होतं. मग खोटं कोण बोलत होतं, बोट की यंत्र?

"अहो काकू, 'अ' दाबून धरला की अ-अ-अ-अ उमटत जातो ना, तेच हे," मनस्विनी म्हणाली.

"पण मी लिहीत नाहीये, चालतेय."

"ते त्याला कुठं माहितीय?"

त्याला ते माहीत नाही, आणि मला उपाय माहीत नाही. शनिवार-रविवार मी नुसती घोळत राहिले.

सोमवारी पाण्याचा दिवस. उठल्यापासून तुळशीला तांब्या घालेपर्यंत मी बोलत नाही. एका चातुर्मासात नेम धरला होता, तो तसाच चालत आला. आम्ही हडको वसाहतीत पहिल्या मजल्यावर राहतो. खालच्या सरूबाईंच्या नळाला पाणी आधी येतं आणि त्या हाक देतात.

"पद्माबाई, आलं वो पानी!"

मी माळ ठेवली, उठले, नळी पिंपात सोडली. धार लागली. पण "हो" म्हणता येईना, म्हणून हाका काही थांबेनात.

"आलं वो! आलं म्हन्ते ना! बहिऱ्या झाल्या का काय? आलं!"

मी पिंपाशी उभी. आणि मनात आलं, प्रत्येक हाकेला मी नवी बादली घेऊन धावले असते तर? पहिल्या हाकेला नळी सोडली, काम झालं. माझा प्रोग्राम मात्र हाकेगणिक बादली घेऊन धावत होता.

ऑफिसात जाऊन मी ते बदललं. पहिलं "दाबलं" आलं की त्या बटणापुढे खूण करायची, पुढच्या हाका ऐकायच्याच नाहीत. बोट उचलल्याचं "सुटलं" आलं की खूण पुसायची. पावलं टाकायचं काम घड्याळाकडे दिलं. ते सेकंदाला तीस वेळा खुणा बघून बाईला हलवणार. प्रत्येक बटणाची खूण वेगळी, म्हणजे उडी मारताना चालणं विसरायला नको.

बाई चालली. "आता कशी माहेरी निघाल्यासारखी," मनस्विनी म्हणाली.

गुरुवारी सरांबरोबर शाळेत जाऊन बघितलं. तिथल्या संगणकांवर आमच्या ऑफिसातल्यासारखं विंडोज नव्हतं, लिनक्स नावाची दुसरीच प्रणाली होती. बाई जागच्या जागी थरथरत होती. अर्धं पाऊल उचललं की पुन्हा पहिल्यापासून. घागरीतलं सगळं पाणी सांडलं.

"काल चालत होती ना?" सर म्हणाले.

मी पुन्हा लिहून घेतलं. दाबलं, सुटलं, दाबलं, सुटलं. माझं बोट तर बटणावर घट्ट होतं, नख पांढरं पडेपर्यंत. उपासाचा दिवस होता. नेमात काही चुकलं असेल का, असंही वाटून गेलं. काय चुकलं ते मात्र आठवेना.

शुक्रवारी पुन्हा पाणी. मी माळेवर, आणि खालून हाक. नळी सोडली.

"गेलं वो, गेलं!"

मी नळी काढली.

"नाय नाय, आलं!"

घातली.

"गेलं!"

काढली, नळीतलं उरलेलं पाणी माझ्या पायावर. "आलं, लई आलं!" पाइपातली हवा खाकरत होती आणि सरूबाई प्रत्येक खाकरण्याची खबर देत होत्या. पुढच्या "गेलं"ला माझ्यात काढायचा जीवच उरला नाही. नळीवर हात ठेवून नुसती थांबले. क्षणभरानं "आलं" झालं आणि धार आपली चालूच. शेवटी एकदा "गेलं" म्हणाल्या आणि मागून काहीच आलं नाही. ते खरं गेलेलं.

तिथंच सरांना फोन करावासा वाटला. पण तुळस राहिली होती. तांब्या घातला, त्या दिवशी जरा घाईनं घातला हे खरं, आणि मग बोलले.

"थोडं थांबायचं, सर. 'सुटलं' आलं की लगेच खूण पुसायची नाही. सेकंदाचा विसावा भाग वाट बघायची. मागोमाग 'दाबलं' आलं तर दोन्ही खोटी."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

शनिवारी मुख्याध्यापिका स्वतः संगणकापाशी बसायला तयार होईनात. "आवडाबाई, तुम्हीच चालवा." आवडाबाई शाळेच्या सेविका. त्यांनी पदराला हात पुसून बटणावर असा अंगठा रोवला, जशी काही खरी घागरच धरली. मी दत्ताचं नाव घेत होते. बाई निघाली. खड्डा आला, उडी मारली, आणि उतरून तशीच पुढे चालू लागली. घर आलं.

"सांडलं नाय वो बाई," आवडाबाई म्हणाल्या. "एक ठिपका नाय!"

परतताना सर म्हणाले, "सोमवारी जरा लवकर या. नवीन काम आहे." म्हणजे तसबीर खणातच राहणार होती.

"सर, पण बोट उचललेलं नसताना यंत्र 'सुटलं' का म्हणतं?"

"खरं सांगू ताई? मलाही नाही माहीत."

पुढच्या पाण्याच्या दिवशी पहिली हाक आली तेव्हा मी नळी सोडली आणि देवघरातली घंटा एकदा वाजवली. ऐकलं, एवढंच कळवायला.

"व्हय व्हय, कळलं!" सरूबाई म्हणाल्या.

आणि लगेच, "आलं वो पानी! पद्माबाई, आलं!"