धूर न येणारं धुराडं

रविवारी बेल्जियममधल्या निनोव्ह गावच्या त्या गल्लीत कुणी धुणं वाळत घालत नसे. फडफडत्या चादरीला बुजलं की शर्यतीचं कबुतर ढाबळीवर उतरत नाही. शेजारच्या फिर्मिनने तर ओडिएलच्या कबुतरांपायी उभा जन्म रविवारची दोरी रिकामी ठेवली होती.

या रविवारी ओडिएलची निळी कबुतरी परतली नव्हती. फ्रान्समधून सकाळी सोडलेली. इतरांची कबुतरं दुपारीच घरी आली. यंदा ओडिएलच्या ढाबळीतली एकेक जागा अशीच ओस पडत गेली होती. राहता राहिली होती निळी.

"आभाळाकडे बघून मान मोडेल रे. बस खाली," फिर्मिनने बिअरची बाटली पुढे केली. "येईल चार घरं फिरून."

"माझी पोर तुझ्यासारखी नाही. सरळ घरी येते."

गेल्या वर्षी चर्चच्या मनोऱ्यात मोबाइलची यंत्रं बसणार होती. लहरींनी कबुतरांची वाट चुकते, ही ओडिएलची धास्ती. दोघं दारोदार फिरले. "आधी मला गाडा, मग बसवा," असं चर्चच्या दारात फिर्मिनच गरजला होता. कंपनीवाले निघून गेले. पुढे पानगळीत फिर्मिनच्या छपरावर नवं धुराडं आलं. सुनेला शेकोटी हवी, म्हणाला. हिवाळाभर त्यातून धूर काही निघाला नाही. "सून लाकडं शिंक्यात ठेवते वाटतं," ओडिएल चिडवायचा.

उन्हं कलताना नदीकडून एक ठिपका आला. ओडिएलने मक्याचा डबा खुळखुळवला.

"ये गं निळे, ये माहेरी,
दाणा तुझा तुझ्या घरी."

निळी ढाबळीवरून गेली, वळली, पुन्हा गेली. घर ओळखीचं न उरल्यासारखी घिरट्या घालत राहिली. दमून फिर्मिनच्या धुराड्यावर टेकली. नखं घसरली, आणि पालथ्या प्लास्टिकच्या बादलीवर यावा तसा पोकळ आवाज आला.

डबा थांबला.

"विटा अशा वाजत नाहीत, फिर्मिन."

फिर्मिन बाटलीवरचा कागद खरवडत राहिला.

"आत काय आहे?"

"तेच, मनोऱ्यात बसणार होतं ते. बाहेरून विटांसारखं कंपनीनेच करून दिलं. कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं नसतं, असं म्हण."

"लहरींनीच चुकतात कशावरून? शास्त्रज्ञांनाही नक्की सांगता येत नाही."

"मलाही येत नाही. पण मी आभाळात शोधत होतो, तेव्हा तू शेजारी बसून माझ्याबरोबर शोधत होतास."

निळी उडाली. नदीपलीकडे गेली ती गेलीच.

पुढच्या रविवारी ओडिएलने माडीच्या खिडकीतून पाहिलं. फिर्मिनची सून ओल्या चादरींची टोपली घेऊन अंगणात आली. फिर्मिन लगबगीने बाहेर आला, ओडिएलच्या ढाबळीकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटला. सून टोपली घेऊन परत आत गेली.

दोरी नेहमीसारखी रिकामी राहिली. ओडिएल तिच्याकडे बराच वेळ बघत होता. मग खाली उतरून त्याने रिकाम्या ढाबळीचं दार लावून घेतलं.