सासूबाईंच्या बैठका

जावयाला नाही म्हणू नये, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा माझ्या मांड्या द्यायला हव्या होत्या.

जावयाने व्यायामशाळा काढली आणि दारावर लावायला फोटो हवा म्हणून मलाच धरलं. मी शिवणकाम करणारी बाई, उभा जन्म मशीनवर बसून गेला. कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती आणि डॉक्टरीणबाईंनी फक्त चालायला सांगितलं होतं. याने पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"पाय फार दुखतायत हो, जावईबापू."

"दुखतंय म्हणजे लागू पडतंय, आई!"

लेकीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, आत्ताच धंदा सुरू झालाय. त्यांचा हिरमोड नको ना करूस."

म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढे मशीनचं पायडलसुद्धा दाबता येईना, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. तेव्हा मात्र कुणाला न विचारता शेजारणीला घेऊन इस्पितळ गाठलं.

"स्नायू फुटलेत, त्याचा भार मूत्रपिंडांवर आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या गोळीवर असताना एकदम एवढा जोर? व्यायाम हवाच, पण हळूहळू वाढवायचा. अजून उशीर केला असतात तर..." त्यांनी लगेच सलाईन लावलं, गोळी तूर्त थांबवली.

जावई लेकीला घेऊन आला तोच तावातावाने. "या गोळ्याच वाईट! कायमच्या फेकून द्या. व्यायामाने कधी कुणाचं वाकडं झालंय?"

चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बापू, तुमचा मान ठेवता ठेवता माझी मूत्रपिंडं जायची वेळ आली. गोळीचं डॉक्टर बघतील. तुम्ही आधी बाहेर व्हा!"

लेक रडायला लागली. म्हटलं, रडू दे.

बरी झाल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारून चालायला लागले. एक दिवस रमतगमत व्यायामशाळेपर्यंत गेले. दारावर मी अजून हसतच होते: 'साठीतल्या सासूबाई, शंभर बैठका!' आत एक सुटलेल्या पोटाचे गृहस्थ नाव नोंदवत होते. जावयाने उंची विचारली, वजन विचारलं आणि थेट बैठकांकडे वळला.

"रोजची गोळी कुठली घेता?" मी दारातूनच विचारलं.

"कोलेस्टेरॉलची. का हो?"

मी जावयाकडे वळले.

"का ते सांगा त्यांना, जावईबापू," मी म्हणाले, आणि दारावरचा माझा फोटो ओरबाडून काढला.