टोचतंय कुठे?

दुकानदाराने दोन पिस्तुलं हिरव्या कापडावर शेजारी शेजारी ठेवली, आणि हसू, रडू आणि शिंक असं सगळं एकदमच येणार असं तोफेला वाटलं. त्यातली शिंक आली.

"झालं उद्घाटन," आई म्हणाली.

तोफ म्हणजे आईबाबांची एकुलती एक लेक. जन्मल्या जन्मल्या तिने असा टाहो फोडला होता की नर्सने कानांत बोटं घातली, आणि बाबांनी तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं. शाळेच्या हजेरीत वेगळं नाव आहे, पण त्या नावाने कोणी हाक मारली की ती स्वतःच मागे वळून बघते, कोणाला बोलावताहेत ते.

छर्ऱ्याच्या पिस्तुलाने नेम धरायला शिकून तिला वर्ष होत आलं होतं. आजवर क्लबचं जुनं, सगळ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं पिस्तूल चालून गेलं. पण आता संघाची निवड तोंडावर आली होती, आणि संघात यायचं तर पिस्तूल स्वतःचं हवं, असा क्लबचा नियम. चार जागांपैकी तीन ठरल्यातच जमा होत्या. चौथीवर तोफेसकट निम्मा क्लब टपून बसलेला. ती चौथी जागा तोफेला इतकी हवी होती की गणिताच्या पेपरात नको तिथेसुद्धा तिचं उत्तर चारच यायचं.

कापडावरचं पहिलं पिस्तूल स्वस्तातलं. काळं, साधं, लाकडी मूठ खुर्चीच्या पायासारखी. दुसरं महागडं. नळीखाली हवेची चकाकती टाकी, झटका आतल्या आत गिळून टाकणारी यंत्रणा, आणि मूठ अशी की म्हणाल तशी वळवा, म्हणाल तेवढी सरकवा. त्याची किंमत ऐकून बाबांनी चष्मा काढून पुसला. जणू चुकीचं ऐकू येण्यात दोष चष्म्याचा होता.

"तुला हवं ते घेऊ," आई म्हणाली. आई शाळेची बस चालवते, त्यामुळे तिचं बोलणं ब्रेक दाबल्यासारखं ठाम असतं. "महागडं घेतलं तर बाबांचं पॉलिशचं नवं यंत्र पुढच्या वर्षावर जाईल, एवढंच. कुढत नाही, खुशीने जाईल. पण निवड तुझी. मागाहून 'तुम्हीच म्हणालात' हे मी ऐकून घेणार नाही."

तोफेने महागडं उचललं. अहाहा! जिवलग मैत्रिणीने हात हातात घ्यावा, तसं. मग तिने स्वस्तातलं उचललं.

"ई! टोचतंय."

त्यासरशी बाबांची मान वर झाली. बाबा कवळ्या बनवतात. त्यांच्या खुर्चीत बसणारं प्रत्येक माणूस दिवसभर हाच शब्द म्हणत असतं, आणि बाबा दिवसभर एकच प्रश्न विचारत असतात. तोच त्यांनी इथेही विचारला.

"टोचतंय कुठे?"

"इथे, अंगठ्याच्या बुडाशी. आणि करंगळी बिचारी नुसती लटकतेय."

"आणि टोचणं सोडलं तर?"

तोफेने दोन्ही पिस्तुलांकडे आळीपाळीने पाहिलं. दुकानदार सरळ माणूस होता. "महागडं उगाच महाग नाही हो," तो म्हणाला. "पहिला छर्रा काय, शेवटचा काय, वेग तोच. चाप लोण्यासारखा. पण या काळ्याचीही चेष्टा करू नका." त्याने दुकानामागच्या नेमबाजीच्या चिंचोळ्या पट्टीत काळं पिस्तूल शिकंज्यात आवळलं आणि कागदी लक्ष्यावर छर्रे सोडले. कागद आणून बघतात तो काय, मधोमध एकच भोक. जरासं फुगलेलं, पण एकच.

"म्हणजे पिस्तूल चुकत नाही," तोफ पुटपुटली. "मग चुकतं कोण?"

"मी काही बोलत नाही बाई," असं म्हणून आई छताकडे बघायला लागली.

तोफ खो खो हसली. आणि हसता हसताच तिचं ठरलं. "काळं! आणि मूठ बाबा करतील."

"मी?" बाबा दचकले.

"तोंडात बसेल अशी वस्तू करता ना? मग हातात बसेल अशी करा. हातात तर जीभही मध्ये येत नाही!"

बाबा आधी लाजले, मग त्यांचे डोळे असे चमकले, जणू नवं यंत्र आत्ताच मिळालं. निघताना तोफेने महागड्याकडे एकदा वळून पाहिलं, ही गोष्ट खरी. दोनदा पाहिलं, ही त्याहून खरी.

क्लबच्या प्रशिक्षक ताईंनी काळ्याची मूठ स्क्रू काढून वेगळी करून दिली. "पिस्तूल इथेच, कुलपात राहील. मूठ न्या. भर कितीही घाला, फक्त मनगटावर काही चढता कामा नये. तपासणीत बाद होईल."

बाबांनी लाकूड कानशीने खरवडलं, त्यावर माप घ्यायचा मऊ लगदा थापला आणि सवयीने म्हणाले, "हं, आता घट्ट चावा! अगं, म्हणजे, धर. घट्ट धर."

तोफेने जीव खाऊन धरलं. मग प्लास्टर झालं, मेण झालं, आणि शेवटी बाबांच्या कपाटात होता तो कवळ्यांचा मसाला ओतून मूठ तयार झाली. गुळगुळीत, तुकतुकीत आणि चक्क गुलाबी.

"दुसरा रंग नाही?"

"निळ्या हिरड्या आजवर कोणी मागितल्या नाहीत गं."

क्लबात त्या मुठीचं असं काही स्वागत झालं की विचारू नका. "सांभाळून, चावेल!" "रात्री पाण्यात बुडवून ठेवतेस का?" तोफ सगळ्यांना पुरून उरली. पण छर्रे सुटायला लागले आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. टोचत तर कणभर नव्हतं, तरी एक छर्रा खाली, एक आणखी खाली, आणि एक कुठे गेला ते त्यालाच ठाऊक.

"तू मुठीचा गळा दाबतेयस," ताई म्हणाल्या. "हात थरथरतोय बघ. सैल धर."

"सैल धरलं की मूठ हातात खुळखुळते!"

शेजारच्या पट्टीवर मौनी होती. मौनी म्हणजे क्लबातली सगळ्यात पक्क्या नेमाची मुलगी. ती शब्द असे वापरते, जसे काही ते दुकानात विकत मिळतात. तिच्याकडे तेच महागडं पिस्तूल होतं, दुकानातल्याच्या सख्ख्या भावासारखं. ते तिने न बोलता मेजावर तोफेकडे सरकवलं. तोफेने नेम धरला. नऊ. दहा. पुन्हा दहा. शेजारची मुलं ओरडली, "वा!" तोफेने मात्र ते पिस्तूल चटका बसल्यासारखं मेजावर परत सरकवलं.

पुढचे दोन दिवस तोफ थंड पडली. एरवी गोंगाटाने कावणारे घरचे आता शांततेने कावले. रविवारी सकाळी चहाच्या टेबलाशी आईने कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे."

"टोचतंय?" बाबांनी विचारलं.

"मूठ नाही टोचत," तोफ कपात बघत म्हणाली. मग भडाभडा सगळं बाहेर आलं. "मौनीच्याने दहा लागतात आणि माझ्याने भिंत! मी चुकीचं निवडलं. चौथी जागा गेली. आणि तुम्ही एवढ्या प्रेमाने केलीत म्हणून सांगवतही नव्हतं!"

आई काही बोलणार होती, पण बाबांनी हात वर केला. ते मूठ खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट बघत होते. बोटांच्या खाचा खोल, कडा ताठ. आणि एकाएकी ते मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"अगं, ही रागावलेली मूठ आहे! मी तुला चावायला लावलं आणि तेवढ्यावरच थांबलो. घट्ट आवळलेला हात बारीक होतो. त्याचंच माप आलं. मग सैल सोडला की खुळखुळणारच!"

"मग आता?"

"मी पेशंटला चावल्यानंतर काय म्हणायला लावतो?"

तोफेने लहानपणापासून दाराआडून ऐकलेलं होतं. "मम्म."

"बरोब्बर! मम्म म्हटलं की जबडा आपोआप सैल पडतो, आपल्या जागी येतो. कारण माणूस दिवसभर काही चावत नसतो. तुझ्या हाताचं मम्म घ्यायचं राहिलं."

"हाताने मम्म कसं म्हणणार?" आईने विचारलं.

"तोंडाने म्हणेल. हात ऐकेल."

चहा तसाच राहिला. मूठ पुन्हा खरवडली गेली, पुन्हा लगदा लागला. या खेपेला तोफ उभी राहिली, हात नेमाला धरावा तसा समोर केला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मम्मम्म." खांदा उतरला. कोपर सैलावलं. बोटं लगद्यात अशी टेकली, जशी उशीवर मान टेकते.

"मम्मम्म," बाबाही नादात म्हणाले.

"दोघांना वरण हवंय की भात?" आई म्हणाली.

निवडीच्या दिवशी तपासनीसाने पिस्तूल मापाच्या खोक्यात घालून पाहिलं. बसलं. मग त्याने मुठीवरून बोट फिरवलं. "हे काय आहे?"

"हिरडी," तोफ म्हणाली.

त्याने मूठ उजेडात धरून पुन्हा निरखली. "हरकत नाही," शेवटी म्हणाला. "दात येईपर्यंत चालेल."

आणि तोफेचे छर्रे जाऊ लागले. काळ्याला झटका होता, तो तिला कळत होता. चापही लोण्यासारखा नव्हता, खरवसासारखा होता फार तर. पण हात गप्प होता. प्रत्येक छर्ऱ्याआधी ती म्हणायची, मम्म. नऊ. मम्म. दहा. मग आठ, आणि तोंड वाकडं. मम्म. दहा.

"कोणाला भूक लागली असेल तर बाहेर जाऊन खा!" पंच ओरडले.

मग ती मनातल्या मनात म्हणू लागली. शेवटच्या छर्ऱ्याला कोणीतरी मागे कुजबुजलं की चौथ्या जागेला अगदी खेटाखेटी आहे. झालं! बोटं आवळली. सैल हाताच्या मापाची ती मूठ लगेच टोचली, अंगठ्याच्या बुडाशी, बाबांनी हळूच टोकावं तशी. तोफेने चाप ओढला नाही. पिस्तूल मेजावर टेकवलं, श्वास घेतला, मनात मम्म म्हटलं, पुन्हा हात उचलला. टोचणं गेलेलं होतं.

दहा!

निकाल लागला तेव्हा पहिल्या जागेवर मौनी होती. आणि चौथ्या जागेवर, जेमतेम, नखाएवढ्या फरकाने, तोफ. ती अशी कडाडली की तपासनीसाने कानांत बोटं घातली. बाबा डोळे पुसत होते, चष्म्यावरूनच. आई बाहेर जाऊन बसचा हॉर्न वाजवून आली.

दुसऱ्या दिवशी बाबा कामाला लागले असताना कवळ्यांच्या खोलीचं दार उघडलं. दारात मौनी उभी होती, मागे तोफ.

"माझी टोचते," मौनी म्हणाली. मग एका दमात पुढचं सांगून टाकलं. "मागच्या वर्षी मूठ हवी तशी फिरवून बसवली होती, पण त्यानंतर हात वाढला, आता आणखी फिरत नाही, आणि एवढं महागडं घेऊन दिल्यावर घरी टोचतंय म्हणून कसं सांगायचं, म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही."

तोफ थक्क झाली. वर्षभराचे शब्द एकाच वाक्यात!

बाबांनी मात्र पहिले दोनच शब्द ऐकले होते. त्यांनी खुर्चीची धूळ झटकली, दिवा ओढला, छोटा आरसा हातात घेतला. "बस बाळा. टोचतंय कुठे? आ कर."

मौनीने आ केला. मग विचार करून तोंड मिटलं, आणि हात पुढे केला.