लाल दिव्याच्या बारा बैठका

तक्रार: उजव्या कानात सतत शिट्टी.
उपचार: कानात लाल दिवा, रोज वीस मिनिटं, बारा दिवस.
फरक:

"काय लिहू, काका?" कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं.

"बरं वाटतंय," फिटर म्हणाला. फरक काडीचाही नव्हता. पण कान गेलाय हे कळलं असतं, तर साहेबानं त्याला गेटवर बसवलं असतं.

कारखान्यात बेअरिंग कानानं तपासतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मशीनला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला. शिट्टी आली की बेअरिंग खराब.

दुसऱ्या दिवशी ब्लोअरला त्यानं स्क्रूड्रायव्हर लावला. शिट्टी होती.

"काय दाजी, बोला की! का दिवा आतच राहिला?" ब्लोअर चालवणारा मेहुणा हसला.

गेल्या महिन्यात कानातल्या शिट्टीपायी फिटरनं तीन धडधाकट बेअरिंगं बदलायला लावली होती. चौथं साहेबानं खपवून घेतलं नसतं. ही शिट्टी आपल्याच कानातली, असं त्यानं ठरवून टाकलं.

"चालू दे," तो म्हणाला.

चार वाजता बेअरिंग फुटलं, ब्लोअरच्या पंख्याचं पातं तुटून उडालं. मेहुण्याला चादरीत गुंडाळून नेलं.

"तपासलं होतंस ना? काही ऐकू आलं नाही?" साहेब त्याच्या कानाशी ओरडला.

"आलं होतं," फिटर म्हणाला.