चारशे पिशव्या आणि एक कुरण

मी एक पिशवी बोलतेय. साधीसुधी नव्हे, विचारांची पिशवी. माझ्या पोटावर ठळक हिरव्या अक्षरांत 'पुरे झाली खरेदी' असं छापलंय. असं छापलेल्या आम्ही चारशे जणी आहोत.

त्याचं असं झालं. आमचं गाव स्पर्लिंग हॉलो, अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरातलं. वस्ती जेमतेम सहाशे. गावाबाहेर गावाच्या मालकीचं एक कुरण आहे. दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका अवाढव्य कंपनीनं ते विकत मागितलं. झालं, विनिफ्रेड प्राउटीबाई खवळल्या. बाई शाळेत तिसरीचा वर्ग शिकवून निवृत्त झालेल्या, आणि हाताशी सबंध दिवस मोकळा. त्यांनी समिती काढली. माणसानं कमी वस्तूंत सुखानं जगावं, हे गावाला कसं पटवायचं यावर पहिल्याच बैठकीत तीन तास खल झाला, आणि एकमतानं ठरलं की पिशव्या छापायच्या. पुढच्या बैठकीत टोप्या ठरल्या. त्याच्या पुढच्या बैठकीत कप.

माझ्या जन्माबद्दल मी चारचौघांत बोलत नाही. माझ्या आतल्या शिवणीला एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर त्याच कंपनीचं नाव होतं. पिशव्या तिथूनच मागवल्या होत्या, घरपोच मिळत होत्या ना. बाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि चारशे चिठ्ठ्या कातरीनं कापल्या. माझ्या चिठ्ठीचा बुडखा राहून गेला. तो अजून टोचतो.

मग मी प्राउटींच्या दाराशी खुंटीवर लटकले. तिथं आधीच अकराजणी होत्या. देवमासे वाचवणारी, वाचनालयाची, शांततेची. सगळ्यांत थोरली रेडिओची. देणगी दिली म्हणून रेडिओवाल्यांनी दिलेली. एकोणीस वर्षांत तिच्या पोटात बाकीच्या पिशव्यांखेरीज काही गेलेलं नाही. मला म्हणाली, "भाजीबिजी मिळेल अशी आशा ठेवू नकोस, बये. आपण दिसायला असतो."

मला फार वाईट वाटलं. अहो, पिशवीच्या जातीला आत काहीतरी असावंसं वाटतं. दुसरं आम्हाला काय हवं असतं?

खुंटीवरून घराचं दार मात्र छान दिसायचं. दर दोन दिवसांनी पायरीवर पुठ्ठ्याचं खोकं येई. कमी सामानात कसं राहावं याचं एक जाडजूड पुस्तक आलं. आठवड्यानं तेच पुस्तक पुन्हा आलं, कारण पहिलं पसाऱ्यात सापडेना. गुरुवारी गावचं साप्ताहिक येई. पहिल्या पानावर त्या दुकानाविरुद्ध जळजळीत अग्रलेख, शेवटच्या पानावर त्याच दुकानाची पानभर जाहिरात. बाई पहिलं पान मोठ्यानं वाचायच्या. त्यांचे यजमान एलिस शेवटचं पान मनातल्या मनात वाचायचे.

हा सगळा लढा मार्सेल टिबोसाठी होता. सभागृहासमोर त्याचं दुकान आहे. खिळे, दूध, बटाटे, उंदराचे सापळे, काय मागाल ते. 'मार्सेलला वाचवा' अशी पत्रकं समितीनं घरोघरी पाठवली. ती टपालानं गेल्यामुळे मार्सेलच्या दुकानावरून जायची वेळ कुणावर आली नाही.

मार्चचा पहिला मंगळवार उजाडला. त्या दिवशी सगळा गाव चिखलाचे बूट घालून सभागृहात जमतो आणि गावचे निर्णय हात वर करून घेतो. बायका विणकाम घेऊन येतात, कारण भाषणं लांबतात. बाईंनी लोकर माझ्यात टाकली. माझ्या आयुष्यातलं पहिलं सामान! मी हरखून गेले.

बाई कडाडून बोलल्या. टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरून मार्सेल उठला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुम्ही मला तिसरीत खरं बोलायला शिकवलंत, म्हणून बोलतो. मी कुरण विकायच्या बाजूनं हात वर करणार."

सुया थांबल्या.

"तुमच्या पिशव्या सुरेख आहेत," तो म्हणाला. "पण एकही माझ्या दुकानात आली नाही. ते मोठं दुकान झालं तर मला तिथं गल्ल्यावर नोकरी मिळेल. निदान तिथं तुम्ही सगळे भेटाल तरी."

तो खाली बसला. बाईंचे कान लाल झाले. त्यांनी मला पोटाशी इतकं घट्ट धरलं की चिठ्ठीचा बुडखा मलाच रुतला. सभापतींनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी दिली. मतदान बरोबर एक वाजता.

त्या दिवशी घरून आणलेल्या शिजवलेल्या बीन्सना कुणी हात लावला नाही. 'पुरे झाली खरेदी' छापलेल्या पिशव्या घेऊन अख्खी समिती रस्ता ओलांडून मार्सेलच्या दुकानात घुसली आणि हाताला लागेल ते घेत सुटली. बर्फ संपत आलेलं, तरी बारा फावडी खपली. बाईंनी माझ्यात दोन डबे खिळे, एक मेणबत्ती आणि तीन सापळे घातले. घरात उंदीर एकही नाही. रांग दारापर्यंत गेली आणि एक कधी वाजला ते कुणालाच कळलं नाही.

समोर सभापतींनी घंटा वाजवली. आमची सगळी बाजू रांगेत उभी, आणि मतदान सुरू व्हायला आलेलं! बाई मार्सेलकडे बघत राहिल्या.

मार्सेलनं सुस्कारा सोडला, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली. "चला, बाई," तो म्हणाला. "मत देऊन या. पैसे कुठं पळत नाहीत."

आम्ही धावत सुटलो. 'नको' म्हणणाऱ्यांचे हात वर करायला सांगितले तेव्हा बाईंनी मला कोपरात अडकवून हात उंचावला, आणि खिळ्यांच्या वजनानं माझी शिवण उसवली. हात मोजत मोजत सभापती शेवटच्या बाकाशी आले. किल्ल्यांचा जुडगा धरलेला एक हात हळूच वर गेला. विक्री एका मतानं फेटाळली गेली.

आठवड्यानं बाई टेबलाशी बसून नव्या पिशवीचं चित्र काढत होत्या. 'आम्ही जिंकलो', निळ्या अक्षरांत. एलिसनी मला खुंटीवरून काढलं आणि त्या कागदावर ठेवलं.

"विनी, बटाटे संपलेत."

बाईंनी डोळे वटारले. मग त्यांची नजर माझ्या उसवलेल्या शिवणीवर गेली. शेवटी लाल दोऱ्यानं मला टाके घातले आणि उठल्या.

"पिशवी देऊ का, बाई?" मार्सेलनं विचारलं.

"आहे माझ्याकडे."

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही जातो. माझी हिरवी अक्षरं आता पार पुसट झालीत, तळाला माती बसलीय. पण माझ्या तीनशे नव्याण्णव बहिणी अजून कुणाकुणाच्या कपाटात घडी घालून पडल्यात. तुमच्याकडेही एखादी असेल, हिरवी, निळी, कसलीही. तिला बाहेर काढा हो. बटाटे जड असतात, खांदे दुखतात, पण पोट भरलेलं असलं की बरं वाटतं.