सगळं मीच करस

तापीबाईने सकाळपासून हेमकांतच्या वाटेकडे डोळे लावले होते. पुतण्या मोबाईलवर बघून सांगणार होता, नवऱ्याच्या, रतिलालच्या अपंगत्वाला किती टक्के मिळाले ते. चाळीस मिळाले तर सरकारचा महिन्याचा पगार सुरू होणार, त्यात औषध भागणार. नाही मिळाले तर तिला रोजाने निंदणीला जावं लागणार. मग दिवसभर या माणसाला पाण्याचा घोट कोण देणार?

लकव्याने रतिलालचा उजवा हात पार गेला होता, डाव्यातही थरथर आली होती. तोंडात घास तीच घालायची, पण दार लावून. पाटलासारखा वागलेला माणूस, गावाने बघितलं तर जीव देईल!

आणि तपासणीच्या दिवशी काय केलं या शहाण्याने? इस्त्रीचं धोतर नेसला, टोपी घातली. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, हाताने जेवता का?" तर छाती काढून म्हणाला, "हो साहेब, सगळं मीच करस!" समोर गर्दी, डॉक्टरांना घाई. त्यांनी हात जरा वरखाली केला आणि लिहून टाकलं. तापीबाई डोक्यावर पदर ओढून मागे उभी होती. चार परक्यांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? जळो ती रीत! तेव्हापासून ती मनात रोज त्या डॉक्टरांना सगळं खरं सांगत होती.

दुपारी ती डाळीत भाकरी कुस्करून त्याला भरवायला बसली, तेवढ्यात हेमकांत दारात आला. ती दार लावायला विसरली होती. तिने घाईघाईने ताट बाजूला सारलं.

"काकू, तीसच टक्के दिलेत," तो खाली बघत म्हणाला. "पगार नाही बसत. परत अर्ज करू, पण लई महिने लागतील."

"उद्यापासून मी निंदणीला जाते," तापीबाई एवढंच म्हणाली. खूप राग आला होता तिला, नवऱ्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

रतिलालने डाव्या हाताने ताट ओढायला बघितलं. ताट कलंडलं, डाळ धोतरावर सांडली. हेमकांत पुढे झाला, तसं त्याने मानेनेच नको म्हटलं.

"घास दे व माले," तो बायकोला म्हणाला. "याच्यासमोरच दे. उद्या कोन देई?"

तिने डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला आणि त्याच्या तोंडात घास घातला. दार उघडंच होतं.