बारा वर्षांचा दमा

"हे कोण?" साहेबांनी भिंतीकडे बोट करून विचारलं.

"हेच ते," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "पेपरात आले होते. घरात फोटो म्हणून तेवढाच आहे."

विम्याच्या चौकशीसाठी आलेले साहेब खुर्चीतून उठले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी चौकटीतलं कात्रण मोठ्यानं वाचलं, "बारा वर्षं दम्यानं हैराण होतो. तीन महिने टॉनिक घेतलं आणि आज चार मजले शिडीनं चढतो."

दाराशी स्टुलावर बसलेल्या टॉनिकवाल्या काकांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. तो मजकूर त्यांनीच लिहिला होता.

काका गेली तीस वर्षं या गल्ल्यांमधून पिशवी घेऊन फिरत होते. पिशवीच्या एका कप्प्यात टॉनिकच्या बाटल्या, दुसऱ्यात विम्याचे अर्ज. बाटली घेणारी बाई 'बसा' म्हणते, आणि एकदा बसायला मिळालं की अर्ज बाहेर काढता येतो, हे त्यांच्या धंद्याचं सगळं शास्त्र. मध्यंतरी टॉनिक कंपनीचं पत्र आलं, की तुमच्या भागातल्या बऱ्या झालेल्या एका रोग्याचा फोटो पाठवा. आता काकांची खरी गिऱ्हाइकं अशी होती की त्यांचे चेहरे छापले असते, तर कंपनीलाच टाळं लागलं असतं. म्हणून त्यांनी ओळखीतला सगळ्यात धडधाकट माणूस धरला.

"मला साधी सर्दीसुद्धा होत नाही हो काका," रंगारी हसत म्हणाला होता.

"म्हणून तर."

मोबदला डझनभर बाटल्या. पुढच्याच महिन्यात त्याच रंगाऱ्याचा विमा काकांनी उतरवला. 'पूर्वी कोणता आजार?' या रकान्यात, जाहिरात लिहिलेल्या त्याच पेनानं, 'नाही' लिहिलं. रंगाऱ्याबद्दल त्यांनी लिहिलेली ती एकमेव खरी गोष्ट.

दोन महिन्यांपूर्वी तिसऱ्या मजल्याची खिडकी रंगवताना शिडी सरकली आणि तो गेला. मागे बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. चौकशी म्हणजे नुसती औपचारिकता असते, अर्ध्या तासाचं काम, असं काकांनीच तिला सांगून ठेवलं होतं. ते कात्रण त्यांनी भिंतीवर इतक्या वेळा पाहिलं होतं, की आता त्यांना ते दिसतच नव्हतं.

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. "बाई, अर्जात आजार नाही असं लिहिलंय."

"ते शिडीवरून पडले, साहेब. दम्यानं नाही गेले."

"कशानं गेले हा प्रश्न नाही. आजार लपवला का, हा प्रश्न आहे. लपवला असेल तर कंपनी काही देत नाही."

"पण त्यांना दमा नव्हताच."

"मग पेपरात खोटं आलंय?"

तिनं काकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. कागदपत्रातलं कळणाऱ्या माणसाकडे बघावं, तशी ती बघत होती.

साहेब पाय मोकळे करायला पायरीवर गेले. काका गुडघा धरत त्यांच्यामागे गेले.

"तुम्हीच लिहिलंय ना ते?" साहेबांनी मागे न बघता विचारलं. "दमेकरी असा हसत नाही."

"मग तुम्हीच तसं लिहा की, साहेब."

"माझ्या म्हणण्यावर दावा मंजूर होत नाही. ज्यानं बनाव केला त्यानं सहीनिशी लिहून दिलं, तर होईल. पण मग आमची एजन्सी तुमच्याकडे राहायची नाही. टॉनिकवालेही दारात उभं करणार नाहीत. गप्प राहिलात तर तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. बघा बुवा."

त्यात धमकी नव्हती. असली वाक्यं बोलून बोलून तेही थकले होते.

काका कठड्याला टेकले. साठी जवळ आली होती. या वयात नवीन काम कोण देणार? घरी बायकोला काय सांगायचं? त्यांना आधी मेलेल्या रंगाऱ्याचाच राग आला. शहाण्यानं शिडी धड टेकवायला काय झालं होतं? मग आठवलं, जाहिरात आल्यावर रस्त्यात लोक त्याला अडवून विचारायचे, आणि तो पठ्ठ्या भर उन्हात रंगाचा डबा खाली ठेवून, छातीवर हात दाबून, रात्र रात्र कसा बसून काढायचो ते साग्रसंगीत सांगायचा. काकांचा धंदा चालावा म्हणून. त्या बारा बाटल्यांनंतर त्यानं काकांकडे काही मागितलं नव्हतं. काकांनी दिलेला खोटा दमा त्या माणसानं मरेपर्यंत इमानानं सांभाळला होता. काकांचे डोळे भरून आले.

ते आत आले. "वहिनी, एक कोरा कागद द्या."

तिनं मुलीच्या वहीतला कागद फाडून दिला. इतरांचे अर्ज भरताना काकांच्या हातून कधी खाडाखोड होत नसे. आज पहिल्याच ओळीत दोनदा झाली. 'या माणसाला दमा कधीच नव्हता. जाहिरातीतला मजकूर मी माझ्या मनानं रचला.' खाली सही केली, तारीख घातली.

साहेबांनी कागद वाचून फाइलीत ठेवला. मग भिंतीवरची चौकट उतरवली. "हेही लागेल."

"परत मिळेल ना?" तिनं विचारलं.

"फाइलीत गेलेलं परत येत नाही, बाई. तुमचं काम मात्र होईल." चौकट काखेत धरून ते गेले.

ती भिंतीकडे बघत राहिली. काकांनी पिशवीत हात घातला. टॉनिकच्या पत्रकांचा गठ्ठा तळाशी होता, आणि त्यावर तोच फोटो, तोच मजकूर होता. त्यांनी एक पत्रक काढून तिच्यापुढे धरलं.

तिनं ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. "हे छापायच्या आधी त्यांना दाखवलं होतं तुम्ही?"

"हो. वाचून दाखवलं होतं मी. खूप हसले."

"मला म्हणाले, काकांनी छान लिहिलंय."

तिनं फळीवरची कात्री घेतली आणि खाली बसून सावकाश कापायला लागली. आधी वरचं बाटलीचं चित्र गेलं, मग बाजूची नक्षी. कानापाशी तिनं हात फार जपून वळवला. शेवटी चेहरा तेवढा सुटा झाला. तो तिनं मांडीवर ठेवला आणि अक्षरांचा राहिलेला तुकडा काकांपुढे केला.

"हे तुमचं."

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला.